नुसतं ‘रॉजर’ म्हणू नकोस

गेल्या अंकात मी विंडसॉकबद्दल लिहिलं होतं, म्हणजे धावपट्टीच्या कडेला दांड्यावर फडफडणाऱ्या त्या कापडी मोज्याबद्दल. लिहिताना वाटलं होतं, हे कोण वाचणार? संपादकांनी बावीस पत्रं धाडली. त्यांतली आठ मोपा विमानतळाच्या टॅक्सीच्या भाड्याबद्दल आहेत. तो विषय माझ्या हातातला नाही, माझ्याकडूनही तेवढंच घेतात. उरलेल्यांतली काही इथे घेतली आहेत. मी कोण, असं दोघांनी विचारलंय म्हणून सांगतो. राहणार म्हार्दोळचा, वय अडुसष्ट. सव्वीस वर्षं लहान विमानांवर पोरांना उडायला शिकवलं, सगळं गोव्याबाहेर. आता सकाळी पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, वाट बघतो आणि दाबोळीचं विमान डोक्यावरून गेलं की अजून मान वर करतो.

प्रश्न : सर, मी सत्तरी तालुक्यातला. शाळा मराठी माध्यमातली. सध्या गोव्याबाहेर एका फ्लाइंग स्कूलात आहे, चौदा तास झालेत. विमान हाताळणं जमतं असं इन्स्ट्रक्टर म्हणतात. पण कंट्रोल टॉवर रेडिओवर बोलायला लागला की डोकं बंद पडतं. अर्धं कळतं, उरलेल्या अर्ध्याला मी ‘रॉजर’ म्हणतो. बरोबरची मुलं मोठ्या शहरांतली, फाडफाड बोलतात. पुढच्या महिन्यात सोलो, म्हणजे एकट्याने उडायचं, आहे. काय करू?
– एक विद्यार्थी, वाळपई

बाबा, चौदा तासांत विमान हाताळायला लागलास हे चांगलंच. तुझ्या पत्रात मला भीती वाटली ती एकाच शब्दाची. ‘रॉजर’चा अर्थ ‘तुम्ही बोललात ते सगळं माझ्यापर्यंत पोचलं’ एवढाच आहे. ‘तसं करतो’ म्हणायला ‘विल्को’ हा वेगळा शब्द ठेवलाय. अर्धं ऐकून रॉजर म्हणणं म्हणजे न वाचता कागदावर सही ठोकणं. आणि धावपट्टीचा नंबर, होल्ड शॉर्ट (धावपट्टीच्या अलीकडे थांबणं), टेक-ऑफ-लँडिंगचा क्लिअरन्स, क्यूएनएच (उंचीमापकात लावायचा हवेचा दाब), हेडिंग (दिशा), उंची या गोष्टींना नुसतं रॉजर चालतच नाही, त्या जशाच्या तशा परत म्हणून दाखवायच्या. टॉवरमधला माणूस तुझ्या रीडबॅककडे कान लावून बसलेला असतो, कारण तुझी किंवा स्वतःची चूक पकडायची ती त्याची शेवटची संधी. तीच तू रॉजर म्हणून घालवतोस.

आता फाडफाड इंग्रजीचं. मालीम जेटीवर पहाटे मासळीचा लिलाव ऐकलायस? बाहेरच्या माणसाला एक अक्षर कळत नाही, आणि तिथल्या बाईला झोपेतही सगळं कळतं. शब्द मोजके, त्यांचा क्रम ठरलेला. रेडिओची भाषा त्या जातीची आहे. तुला कोण आहे, कुठे आहे आणि काय हवंय एवढं ठरलेल्या क्रमाने सांगायचंय. आयसीएओ या आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेच्या इंग्रजीच्या सहा पायऱ्यांच्या मोजपट्टीवर पायलटला चौथी पायरी लागते, सहावी नव्हे. उलट मोठ्या शहरांतली ती फाडफाड बोलणारी मुलं रेडिओवर गोष्टी सांगत बसतात आणि मागचे चारजण बोलायची वाट बघत राहतात.

माझं सांगतो. माझे वीसेक तास झाले होते. टॉवर म्हणाला, डाउनविंड वाढव, म्हणजे धावपट्टीला समांतर आणखी पुढे जा. मी ऐटीत रॉजर म्हटलं आणि नेहमीच्या जागी बेसला, म्हणजे धावपट्टीच्या बाजूला, वळलो. लांब फायनलवर, म्हणजे उतरायच्या सरळ रेषेवर, एक विमान येत होतं, ते मला दिसलंच नव्हतं. शेजारच्या सीटवरच्या इन्स्ट्रक्टरनी काही न बोलता कंट्रोल्स घेतले. खाली आल्यावर ओरडलेही नाहीत. दुसऱ्या दिवशी मला फ्लाइंग न देता दुपारभर टॉवरमध्ये नेऊन बसवलं. तिथे एक गोष्ट बघितली, ती अजून विसरलो नाही. कंट्रोलरच्या हातात चहाचा कप, समोर चष्मा, आणि दर थोड्या वेळाने तो माणूस स्वतःच कुणाला तरी ‘से अगेन’, म्हणजे ‘पुन्हा सांगा’, म्हणत होता. मुळीच न लाजता. मी मात्र दोन महिने समजत होतो की से अगेन म्हटलं की आपली इज्जत जाते.

लाजेची किंमत किती, त्याचं एक उदाहरण. २५ जानेवारी १९९० ला कोलंबियाचं एक बोइंग ७०७ न्यूयॉर्ककडे येत होतं. हवा खराब, एकामागून एक घिरट्या घालायला लावलेल्या. इंधन संपत आलं. वैमानिकांनी ‘प्रायॉरिटी’ मागितली, ‘इंधन संपत चाललंय’ असंही सांगितलं. पण ‘इमर्जन्सी’ किंवा ‘मेडे’ हा शब्द शेवटपर्यंत उच्चारला नाही. आणि कंट्रोलरच्या लेखी त्या एका शब्दाशिवाय बाकीचं सगळं बोलणं नेहमीच्या तक्रारीसारखं होतं. विमान लाँग आयलंडवर पडलं, १५८ जणांतले ७३ गेले. आपल्याकडे १२ नोव्हेंबर १९९६ ला चरखी दादरीवर दोन विमानं हवेत आदळली, ३४९ माणसं गेली. एकाला पंधरा हजार फुटांवर राहायला सांगितलं होतं, ते चौदावर उतरलं होतं. तिथेही इंग्रजी नीट न समजण्याचा भाग होता.

तर आजपासून असं कर. घरच्या अंगणात खडूने सर्किट, म्हणजे धावपट्टीभोवतीचा ठरलेला चौकोनी मार्ग, काढ. धावपट्टी, क्रॉसविंड, डाउनविंड, बेस, फायनल. त्यावर चालत चालत कॉल मोठ्याने म्हण. आई बघेल, शेजारी बघतील, बघू देत. मांडीवर पॅड बांध, ऐकलेला आकडा आधी लिही, मग बोल. बटण दाबण्यापूर्वी वाक्य मनात पुरं होऊ दे. आणि पहिल्या सोलोला टॉवरला सांग की ‘स्टुडंट सोलो’ आहे. तोच माणूस एकदम हळू आणि सुटं बोलायला लागतो, बघ.

प्रश्न : माझ्याकडे पीपीएल (खासगी पायलटचं लायसन्स) आहे, शंभरेक तास झालेत. मे महिन्याच्या शेवटी बेळगावहून किनाऱ्यावर कुटुंबाला घेऊन एक फेरी मारायचा विचार आहे. घाटावर त्या दिवसांत ढग येतात. ढग पातळ असेल, पलीकडे ऊन दिसत असेल, तर दोन मिनिटं आत शिरून बाहेर पडायला हरकत काय? जीपीएस आहेच. बायको-मुलं बरोबर असताना अर्ध्यातून परत फिरणं बरं दिसत नाही.
– एक व्यावसायिक, म्हापसा

तुम्ही ढगाबद्दल विचारलंत, पण खरा प्रश्न शेवटच्या वाक्यात आहे. आधी ढगाचं बघू.

१९५४ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात वीस जणांवर प्रयोग केला. इन्स्ट्रुमेंटवर उडायचं शिक्षण नसलेले, तुमच्यासारखेच. त्यांना हवेत ढगात शिरल्यासारखी स्थिती करून दिली, बाहेरचं काही दिसू नये अशी. वीसच्या वीस जणांच्या हातून विमान गेलं. सगळ्यात लवकर गेलं ते वीस सेकंदांत. सरासरी १७८ सेकंद. तुमची दोन मिनिटं म्हणजे १२० सेकंद, तीही ढगाने तुमच्या हिशेबाप्रमाणे संपायचं कबूल केलं तर.

असं का होतं ते घरी करून बघा. ऑफिसची फिरती खुर्ची घ्या. मुलाला डोळे बांधून बसवा, हळूहळू एका दिशेला फिरवा, अर्ध्या मिनिटाने सावकाश थांबवा आणि विचारा, कुठे फिरतोयस? तो उलटी दिशा सांगेल, तीही ठामपणे. माझ्या पुतण्याने तर थांबलेल्या खुर्चीवर हात घट्ट धरून ठेवले होते. कानाच्या आतल्या नळ्यांतला द्रव खुर्चीबरोबर फिरायला लागला की कान ‘आपण स्थिर आहोत’ म्हणतो, आणि थांबल्यावर ‘उलटं फिरतोय’ म्हणतो. ढगात विमान सावकाश कलंडतं, कान सांगतो सरळ आहोत, तुम्ही काट्यांवर विश्वास न ठेवता कानावर ठेवता. जीपीएस तुम्ही चोर्ला घाटाच्या कुठल्या बाजूला आहात ते अगदी अचूक सांगेल. पंख कुठे आहे ते तो सांगत नाही.

आणि ढगच लागतो असंही नाही. मे महिन्यात दुपारी चारला दोना पावलाच्या जेटीवर उभे राहा आणि समुद्र कुठे संपतो, आकाश कुठे सुरू होतं ते बोट ठेवून दाखवा. बऱ्याच दिवशी दाखवता येत नाही, सगळं एकाच राखाडी दुधासारखं असतं. १६ जुलै १९९९ ला जॉन केनेडी ज्युनिअर, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्ष केनेडींचा मुलगा, अशाच धुरकट रात्री समुद्रावरून पत्नी आणि मेहुणीला घेऊन जात होता. ढगात शिरला नव्हता. क्षितिज हरवलं, दिशाभान गेलं, तिघंही गेले. त्याच्याकडेही पीपीएल होतं.

आपला व्हीएफआरचा, म्हणजे बाहेर बघून उडण्याचा, नियम यासाठीच आहे. दहा हजार फुटांखाली पाच किलोमीटर दिसलं पाहिजे, ढगापासून आडवं दीड किलोमीटर आणि उभं हजार फूट अंतर पाहिजे. पातळ ढगाला वेगळी सूट नाही.

एक जाता जाता, तुम्ही विचारलं नाहीत तरी. सांबऱ्याचा, म्हणजे बेळगावचा, विमानतळ समुद्रसपाटीपासून जवळपास अडीच हजार फुटांवर आहे. मेच्या दुपारी पारा ३५ वर असेल तर तिथली हवा विमानाला साडेपाच हजार फुटांवरची वाटते. इंजिनाला श्वास कमी, प्रोपेलरला पकड कमी, पंखांना उचल कमी. त्यात चार माणसं, बॅगा आणि भरलेल्या टाक्या. हे तिन्ही एकदम बहुतेक चारसीटी विमानांना झेपत नाही. हँडबुकातली टेक-ऑफची तक्ती काढा, आकडे बोटाने शोधा, अंदाजाने नको. आणि निघायचंच तर सकाळी सातला निघा.

आता ते ‘बरं दिसत नाही’. हा प्रश्न हवेत सोडवायचा नसतो, आदल्या रात्री जेवताना सोडवायचा. बायको-मुलांना सांगा, उद्या आपण परत फिरलो तर तो ठरलेल्या बेतातलाच भाग आहे. सांबऱ्याला गाडी उभी ठेवा आणि ड्रायव्हरला सांगून ठेवा. चोर्ल्यातून तीन-साडेतीन तासांत घरी. मुलांना घाटात भजी मिळतील. परतीचा रस्ता आधीच तयार असला की ढग दिसल्यावर हात आपोआप वळतो. आणि वळायचं ते ढगाच्या आधी. आत शिरून मग वळणं ही वेगळी आणि फार वाईट गोष्ट आहे.

प्रश्न : दादा, आमचं घर पेडण्यात. मोपाची विमानं डोक्यावरून जातात तेव्हापासून मुलाला पायलटच व्हायचंय. बारावी सायन्स झालंय. कर्ज काढू, पण एका इंजिनाच्या विमानात एकट्याला पाठवायचं म्हणजे पोटात गोळा येतो. इंजिन बंद पडलं तर? आणि स्कूल चांगलं की वाईट हे आमच्यासारख्यांनी कसं ओळखायचं?
– एक आई, पेडणे

ताई, धोका नाही असं मी सांगणार नाही. पण इंजिन बंद पडलं की विमान दगडासारखं पडतं ही समजूत चुकीची. सेसना १७२ सारखं विमान हजार मीटर उंचीवरून साधारण नऊ किलोमीटर तरंगत जातं. ते उतरवायचं कुठे हे शिकवण्यातच अर्धं शिक्षण जातं. मला अजून सवय आहे. फोंड्याहून पणजीला कदंबात बसलो की खिडकीतून बघत असतो, इथे उतरता येईल का? बाणस्तारीच्या पुलाजवळची खाजन शेतं पावसाळ्यात दिसायला सपाट, पण चिखलात पुढचं चाक रुतून विमान उलटेल. कापणीनंतर तीच बरी, बांधाच्या समांतर उतरलं तर. सडा, म्हणजे कातळाचं पठार, दुरून मैदानासारखा दिसतो, जवळ गेलं की जांभ्या दगडांचे दात. ओहोटीची ओली पुळण चांगली, पण माणसं असतात. बायको म्हणते, बसमध्ये बसलायत, बसमध्येच राहा.

लहान विमानांच्या अपघातांत इंजिनापेक्षा माणसाच्या निर्णयाचा वाटा मोठा असतो. म्हणून स्कूलात गेलात की विमानं किती आणि हॉस्टेल कसं हे सगळे विचारतात ते विचाराच, पण आणखी एक विचारा : ‘गेल्या महिन्यात हवेमुळे किती फ्लाइट रद्द झाल्या, आणि रद्द करायचं कोणी ठरवलं?’ उत्तर चटकन आकड्यात आलं तर बरं लक्षण. ‘आमच्याकडे रद्द होतच नाहीत’ म्हणाले तर बॅग उचला. मग तिथल्या एखाद्या मुलाला बाजूला घेऊन विचारा, ‘तुला बरं नाही म्हणून तू फ्लाइट सोडलीस तर काय होतं?’ तो इकडेतिकडे बघायला लागला की तुम्हाला उत्तर मिळालं. सकाळी रॅम्पवर, म्हणजे विमानं लावतात त्या जागी, उभं राहायला मिळालं तर बघा, पोरं टाकीखालून इंधनाचा नमुना पारदर्शक भांड्यात काढतात का आणि उजेडात धरून खरंच बघतात का. अ‍ॅव्हगॅस निळसर असतं, पाणी आलं असेल तर तळाशी बसतं. पावसाळ्यात हे फार महत्त्वाचं. भांडं भरलं आणि न बघता ओतून दिलं, असं करणारेही असतात.

आणि एक तुमच्याकडून. एसपीएलला (विद्यार्थी पायलटचं लायसन्स) सोळा, पीपीएलला सतरा, सीपीएलला (व्यावसायिक पायलटचं) अठरा वर्षं पुरी लागतात. पीपीएलला किमान चाळीस तास, सीपीएलला दोनशे. हे तास कुणाचे वर्षात होतात, कुणाचे अडीच वर्षांत. फोनवर ‘सोलो झाला का? तो अमक्याचा मुलगा तर कधीच झाला’ हे वाक्य म्हणू नका. कर्जाचा हप्ता त्याला माहीत असतो. तो हप्ता डोक्यात घेऊन पोर अशा हवेत निघतं, जिथे निघायचं नसतं. ‘आज उडाला नाहीस? बरं केलंस, जेवलास का?’ एवढं म्हणा.

प्रश्न : सर्दी झाली असताना गोळी घेऊन उडावं का? आणि उर्राकच्या (काजूच्या दारूच्या) सीझनमध्ये आदल्या रात्री थोडी घेतली तर?
– दोन मित्र, वास्को

सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते, आणि ती आलीय हे कळतही नाही. शिवाय नाक बंद असलं की खाली उतरताना कानावर दाब बसतो आणि कळ अशी मारते की धावपट्टी दिसेनाशी होते. घरी बसा. उर्राक : उड्डाणापूर्वी बारा तास एक थेंब नाही, हा नियम. आणि बारा तास झाल्यावरही रक्तात काही उरलेलं चालत नाही. ‘थोडी’ म्हणजे किती हे मला ठाऊक आहे, मीही इथलाच.

प्रश्न : सर, कार्ब्युरेटर आयसिंग, म्हणजे इंजिनात पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या भागात बर्फ धरणं, परीक्षेला पाठ केलंय. पण गोव्यात, कोकणात बर्फ कुठून येणार? आमच्या विमानातली कार्ब हीटची (कार्ब्युरेटरमध्ये गरम हवा सोडायची) दांडी नुसती शोभेची वाटते.
– एक विद्यार्थी, डिचोली

मला असे प्रश्न आवडतात. तुझ्या घरी माठ आहे ना? बाहेर ३५ अंश, आत पाणी थंड. इंजेक्शनपूर्वी नर्स स्पिरिटचा बोळा फिरवते तेव्हा हाताला गार लागतं. पातळ पदार्थाची वाफ होताना तो आजूबाजूची उष्णता खेचून घेतो. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलचं तेच होतं, आणि त्यात अरुंद गळ्यातून हवा जोरात जाताना आणखी थंड होते. दोन्ही मिळून तापमान तीस अंशांहूनही जास्त उतरू शकतं. म्हणजे बाहेर पंचवीस असताना आत शून्याखाली. आता बर्फाला लागतं ते पाणी, आणि आपल्या पावसाळी हवेत ते हवं तेवढं आहे. धोका सगळ्यात जास्त असतो तो एकवीस अंशांखालच्या, ऐंशी टक्क्यांवर ओलावा असलेल्या हवेत. पण ३८ अंश आणि पन्नास टक्के ओलाव्यातही आयसिंग होऊ शकतं. काश्मीरच्या कोरड्या थंडीपेक्षा आपली सप्टेंबरची सकाळ इंजिनाला वाईट.

एकदा सप्टेंबरातच, रात्रभर पाऊस पडून उघडलेला होता. सेसना १५०, शेजारी हुशार पोरगा. सर्किट सोडून आम्ही प्रॅक्टिस एरियात चाललो होतो. आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे, २४०० वर लावलेले. थोड्या वेळाने २३५०. पोराने थ्रॉटल जरा पुढे केला. पुन्हा २३५०. पुन्हा जरा पुढे. मी मुद्दाम गप्प. तिसऱ्यांदा त्याने थ्रॉटल पुढे केला, तेव्हा विचारलं, ‘काय करतोयस?’ म्हणाला, ‘सर, आरपीएम जरा सरकतोय.’ ‘का सरकतोय?’ ते त्याने विचारलंच नव्हतं. दर वेळी थ्रॉटल ढकलून तो खूण पुसत होता.

‘कार्ब हीट ओढ.’ ओढली. आणि इंजिन खोकलं. धडधडलं, आरपीएम आणखी दीडशेने खाली आले, सगळं पॅनल थरथरलं. पोराचा हात दांडीवर होताच, त्याने ती परत आत ढकलायला घेतली. कुणीही ढकलेल. आपण काही तरी केलं आणि बिघडलं, म्हणजे केलेलं उलटं करा, हे अगदी माणसासारखं आहे. मी त्याच्या हातावर हात ठेवून दाबून धरला. बर्फ वितळून त्याचं पाणी इंजिनात जात असतं तेव्हा ते खोकणारच. दहा-पंधरा सेकंद असतील, मला तासासारखी वाटली. मग इंजिन एकदम मोकळं झालं आणि आरपीएम आधीपेक्षा वर चढले. खाली आल्यावर त्या पोराने मला विचारलं, ‘सर, तुम्ही घाबरला होता?’ हो म्हटलं.

दांडी शोभेची नाही रे. पॉवर कमी करण्याआधी ओढायची, डिसेंटमध्ये, म्हणजे खाली येताना, ओढलेली ठेवायची, आणि खोकलं तरी ढकलायची नाही. तुमच्या विमानाचं हँडबुक काय म्हणतं ते मात्र त्याच विमानाचं वाच, सगळ्यांचं सारखं नसतं. फ्युएल इंजेक्शनच्या इंजिनाला कार्ब्युरेटरच नसतो.

प्रश्न : मी लग्नाचे व्हिडिओ करतो. चिखलीत चर्चबाहेर ड्रोन फक्त झाडांच्या उंचीपर्यंत उडवला तर चालेल?
– एक फोटोग्राफर, वास्को परिसर

नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे विमानतळाच्या कुंपणापासून पाच किलोमीटरच्या आतला भाग लाल झोन, तिथे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय एक फूटही वर नाही. शिवाय दाबोळी हा नौदलाचा तळ, तिथली हेलिकॉप्टरं झाडांच्या उंचीपासून फार वर नसतात. नवरा-नवरीला खांडेपारला घेऊन जा, नदीही मिळेल. पण नकाशा बघून जा.

प्रश्न : सर, नाव छापू नका. गेल्या आठवड्यात सोलोला लँडिंग बाउन्स झालं, दोनदा. तिसऱ्यांदा पुढच्या चाकावर जोरात बसलं. गो-अराउंड (उतरणं सोडून पुन्हा वर चढणं) घ्यायला हवा होता, घेतला नाही, सगळे बघतायत असं वाटलं. प्रत्यक्षात कुणी बघितलं नव्हतं. विमान बाहेरून ठीक दिसतंय, त्यानंतर दोघं ते उडवूनही आलेत. आता सांगितलं तर एवढे दिवस का गप्प होतास म्हणतील. सांगू का?
– (गाव दिलेलं नाही)

हे पत्र मला एका मंगळवारी मिळालं. खाली फोन नंबर होता. अंक निघेपर्यंत थांबण्याचा प्रश्न नव्हता, मी त्याच संध्याकाळी फोन केला. त्याच्याशी जे बोललो ते थोडक्यात इथे देतो, कारण त्याच्यासारखे आणखी असणार.

त्याला आधी विमानाचं सांगितलं. पुढचं चाक आपटलं की धक्का पायातून वर इंजिन आणि कॉकपिट यांच्यामधल्या पत्र्याला जातो, त्याला फायरवॉल म्हणतात. तिथे सुरकुती पडते, ती इंजिनाचं झाकण काढल्याशिवाय दिसत नाही. प्रोपेलरचं टोक जमिनीला टेकलं असेल तर इंजिनाच्या आत काय झालं ते बाहेरून कुणालाच कळत नाही. ‘ठीक दिसतंय’ हे बघणारा तू कोण? त्यासाठी इंजिनिअर असतो.

मग त्याला माझं सांगितलं. हे मी आजवर कुठे लिहिलेलं नाही. मी शिकत असताना माझ्या हातून नेमकं हेच झालं होतं. विमान रॅम्पवर लावलं, लॉगबुकात वेळ लिहिली आणि मेसमध्ये जाऊन जेवलो. जेवण गेलंही. दुसऱ्या दिवशी सकाळी क्लबच्या म्हाताऱ्या मेकॅनिकला दुसऱ्याच कामासाठी झाकण काढावं लागलं, म्हणून ती सुरकुती दिसली. त्या विमानावर सकाळची पहिली पाळी माझ्या खोलीतल्या मित्राची होती. तो हेडसेट गळ्यात घालून तिथेच उभा होता. मेकॅनिकने आम्हा सगळ्यांना बोलावून ती सुरकुती दाखवली, टॉर्च मारून, काही न विचारता. मीही वाकून बघितली, इतरांसारखी. संध्याकाळी जाऊन सांगितलं. सकाळी मात्र सांगितलं नव्हतं.

फोनवर पोरगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘सर, उद्या सांगतो.’ मी म्हटलं, उद्या सकाळी सहाला ते विमान कोण नेणार आहे? त्याने नाव सांगितलं. मी म्हटलं, मग आज.

रात्री साडेनऊला त्याने सीएफआयना, म्हणजे मुख्य इन्स्ट्रक्टरना, हॉस्टेलवरून फोन केला. सकाळी विमान बाजूला काढलं, झाकण उघडलं. फायरवॉल ठीक निघाली. पुढच्या चाकाच्या फोर्कला मात्र बारीक तडा होता. त्याला दोन आठवडे सोलो नाही, इन्स्ट्रक्टरबरोबर फक्त लँडिंग आणि गो-अराउंड. सहाची पाळी ज्याची होती तो मुलगा त्याच्याशी तीन दिवस बोलला नाही. काल मेसेज आला, आता बोलतो.